तो उशिरा आला होता

"बघा काका, तुम्हीच बघा," असं म्हणत मास्तरांनी मोबाइल थेट काकांच्या नाकाखाली धरला. पडद्यावर डावऱ्या चिखलात आडवा पडला होता आणि समोरच्या संघाचा खेळाडू त्याला ओलांडून चेंडू घेऊन निघाला होता. मास्तरांनी दोन बोटांनी ते चित्र मोठं केलं, मग आणखी मोठं केलं, आणि शेवटी डावऱ्याच्या बुटांचे नुसते तळवे उरले.

"बाकी दहा जणांच्या बुटांना लांब खिळे, आणि या महाशयांच्या बुटांना आखूड. ओल्या मैदानावर, तेही वर्षाच्या शेवटच्या सामन्यात. याला काय म्हणायचं?"

सलूनच्या बाकावर पाळीची वाट बघत बसलेल्या काकांनी चष्मा वर सरकवला आणि बघितल्यासारखं केलं. खरं तर बघायची काही गरज नव्हती. ते आखूड खिळे त्यांनीच बसवले होते.

काका म्हणजे काही कुणाचे सख्खे काका नव्हेत. शहराच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे बूट, जर्सी, मोजे सांभाळायचं काम ते वीसेक वर्षं करत होते. आल्यागेल्या प्रत्येक खेळाडूने त्यांना काका म्हटलं आणि हळूहळू ते अख्ख्या मोहल्ल्याचे काका झाले. क्लबाच्या मागच्या फाटकासमोर हे सलून. सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी इथे कोर्ट भरायचं. मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक आणि चाहत्यांच्या संघटनेचे चिटणीस, ते न्यायाधीश. विमा विकणारा एक गृहस्थ होता, त्याने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण कॉर्नर कसा मारावा यावर तो तासभर बोलू शकायचा. आणि सलूनवाला. त्याचं मत खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचं जे असेल ते.

काल बरोबरी झाली असती तरी टीम वरच्या गटात राहिली असती. अगदी शेवटी डावऱ्या घसरला, गोल झाला आणि टीम खालच्या गटात गेली. त्यामुळे आजचं कोर्ट भलतंच तापलेलं होतं. विमावाल्याचं म्हणणं असं, की या पोरांना शिस्त म्हणजे काय ते माहीतच नाही. सरावाला सहाला बोलावलं तर साडेसहाला येतात, उकडलेलं खा म्हटलं तर तळलेलं खातात, आणि केसांना एवढं काय काय चोपडतात की हेडर मारला तर चेंडू डोक्याला चिकटून बसेल. यावर सलूनवाला जरा खाकरला, कारण ते काय काय त्याच्याच कपाटातून जात होतं.

मास्तर मात्र एका डावऱ्यावरच अडून बसले होते. त्याचा पाय डावा, म्हणून नाव डावऱ्या. मागच्या फळीत डाव्या बाजूला खेळायचा, तिशीला आलेला, गुडघा जरा दुखरा. त्याचा करार याच महिन्यात संपत होता आणि शुक्रवारी क्लबाची बैठक होती. मास्तरांना त्या बैठकीत चाहत्यांच्या वतीने खुर्ची असायची.

"तयारी नाही, शिस्त नाही. वर म्हणायचं काय, तर मैदान ओलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं," मास्तर म्हणाले. मग ते काकांकडे वळले. "काका, तुम्ही आतले. तुम्हाला अडचणीत नाही टाकत. एवढंच सांगा, डावऱ्या काल वेळेवर आला होता की नाही?"

सलूनवाल्याची कात्री थांबली. विमावाल्याने मान पुढे काढली. काकांच्या मनात एका क्षणात दहा गोष्टी येऊन गेल्या. आता सांगावं, सगळं सांगून मोकळं व्हावं, असंही येऊन गेलं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"उशिरा आला होता."

"झालं," मास्तर म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला.

आता उशिरा आला होता हे काही खोटं नव्हे. संघाने सराव उरकला तेव्हा डावऱ्या धापा टाकत आत शिरला, हे प्रशिक्षकांनी पाहिलं, सगळ्या संघाने पाहिलं. पण तो कुठून उशिरा आला ते एका काकांनाच माहीत होतं.

काकांची एक पद्धत होती. सामन्याच्या दिवशी सकाळी ते मैदानावर जायचे, बूट काढायचे आणि टाच जमिनीत दाबून बघायचे. टाच रुतली तर लांब खिळे, नाही रुतली तर आखूड. खिळे बुटांच्या तळव्यात पान्याने फिरवून बसवायचे असतात, पण कुठले बसवायचे ते टाच सांगते, असं ते नव्या पोरांना ऐकवायचे. आणि इतकी वर्षं त्यांची टाच कधी चुकली नव्हती.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी मात्र काका मैदानावर गेलेच नाहीत. आठवडाभर कडक ऊन होतं, जमीन दगड झाली होती, म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच सगळ्यांना आखूड खिळे बसवून टाकले आणि सकाळी सलूनमध्ये येऊन बसले. मोठा सामना, सलून भरलेलं, आणि सगळ्यांना आतल्या गोष्टी ऐकायच्या होत्या. काकांनीही ऐकवल्या. या पोरांना स्वतःचे बूट पुसता येत नाहीत, आमच्या वेळचे खेळाडू मैदानाला हात लावून आत जायचे, आताच्यांना कसली आलीय तयारी. लोक माना डोलवत होते आणि काकांना वेळेचं भान राहिलं नाही. इकडे जमीन फार कडक झाली म्हणून मैदानाच्या माळ्याने पहाटेपासून पाण्याचे फवारे लावून ठेवले होते.

दुपारी काका मैदानावर आले आणि पहिल्याच पावलाला टाच रुतली. ते तसेच धावत बुटांच्या खोलीत गेले. लांब खिळ्यांचा डबा लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली घरी, दुसऱ्या पँटच्या खिशात. सलूनमध्ये चार लोकांत बसायचं म्हणून सकाळी ते इस्त्रीची पँट घालून निघाले होते.

खोलीत तेव्हा एकटा डावऱ्या गुडघ्याला पट्टी बांधत बसला होता. गुडघा सैल व्हायला वेळ लागायचा, म्हणून तो नेहमीच सगळ्यांच्या आधी यायचा. काकांचा चेहरा बघून त्याने काय झालं ते विचारलं आणि पट्टी अर्धवट सोडून उठला. घर मला माहीत आहे, मोटरसायकलवर गेलो की आलो, म्हणाला. काका म्हणाले की सर ओरडतील. सरांचं मी बघतो, असं म्हणून तो गेलासुद्धा.

गेला तो अडकला. सामन्यासाठी मैदानाभोवतीचे रस्ते बंद केलेले, त्याला लांबून वळसा पडला. तो परत येईपर्यंत बाकीचे साध्या बुटांत सराव उरकून आत आले होते. काका कपाट उघडून पाना घेऊन बसले. डावऱ्या म्हणाला, आधी गोलकीपरचे करा, मग पुढच्या फळीतल्यांचे, माझे शेवटी. काकांनी भराभर पाना फिरवला, दहा जोड झाले. अकरावा हातात घेतला आणि बाहेर शिट्टी झाली.

"राहू द्या काका, सांभाळून खेळतो," असं म्हणून डावऱ्याने तो जोड तसाच पायात चढवला.

इथवर काय, कुणाच्याही हातून घडेल असं होतं. माणूस चुकतो. पण मध्यंतरात जे झालं ते कुणाच्याही हातून घडेल असं नव्हतं. मध्यंतरात वेळ होता. डावऱ्या काकांच्या समोरच बाकावर बसला होता आणि काकांच्या हातात पाना होता. प्रशिक्षक डावऱ्याच्या पुढ्यात उभे राहून त्याला सगळ्यांसमक्ष झापत होते. कुठे होतास, असं त्यांनी विचारलं तेव्हा डावऱ्या म्हणाला, घरी काहीतरी राहिलं होतं सर. कुणाच्या घरी ते बोलला नाही. तेव्हा काकांनी नुसतं म्हणायला हवं होतं, की सर, याचे बूट मला द्या, खिळे बदलायचेत. पण तसं म्हटलं असतं तर सरांनी विचारलं असतं, एकट्या याचेच का राहिले? आणि मग किल्ली, आणि मग सलून, सगळंच बाहेर आलं असतं. याच सरांनी बर्फाची पेटी विसरला म्हणून मालिशवाल्याला भर हंगामात घरी पाठवलं होतं. काकांची नोकरीही वर्षा-वर्षाची, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

डावऱ्याने एकदा पान्याकडे बघितलं, एकदा काकांकडे बघितलं. काका खाली वाकले आणि ओले मोजे पिळायला लागले.

शुक्रवारच्या बैठकीत मास्तरांनी काकांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. तुमचा स्वतःचा माणूस सांगतोय की तो उशिरा आला, मग आम्ही चाहत्यांनी काय समजायचं, असं ते म्हणाले. डावऱ्याचा करार वाढवला नाही. शिस्तीच्या कारणावरून, असं बाहेर जाहीर केलं. दुसऱ्या कुठल्या क्लबाने घ्यायचं म्हटलं तरी हा शब्द त्याच्या आधी तिथे पोचणार होता.

काकांच्या बायकोला हे शेजारणीकडून कळलं. शेजारीण म्हणाली होती, पिऊन पडला असणार आदल्या दिवशी, म्हणून उशीर. बायको जेवणाचं ताट वाढून समोर बसली आणि तिने विचारलं, "अहो, त्या दिवशी किल्ली न्यायला आला होता, तोच ना हा?"

काकांनी मान हलवली. बायको म्हणाली, बस म्हटलं तर बसलासुद्धा नाही, उभ्याउभ्या पाणी प्यायला, काका वाट बघत असतील म्हणाला. मग तिने विचारलं की हे तुम्ही कुणाला सांगितलं की नाही. काकांनी सलूनमधली हकिगत सांगितली आणि वर म्हणाले की आपण खोटं काही बोललो नाही.

"खोटं नाही बोललात हो," बायको म्हणाली. "पण त्याच्या बाजूचं बोलायचं राहून गेलं ना."

एवढंच बोलून ती उठली. भांडली असती, कपाळावर हात मारून घेतला असता, तर काकांना बरं वाटलं असतं. दोन दिवस ती नेहमीसारखीच वागली, जेवायला वाढलं, कपडे वाळत घातले, फक्त त्यांच्याकडे बघून बोलायची नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते दुसऱ्यांच्या बाबतीत त्यांनी शंभरदा म्हटलं होतं, पण त्यातला चोर आपण असलो की कसं लागतं ते त्यांना आता कळत होतं.

सोमवारी डावऱ्या क्लबाचे कपडे परत करायला आला. दोन जर्सी, ट्रॅकसूट, जाकीट, सगळं धुऊन, घड्या घालून आणलं होतं. काकांनी ते मोजून घ्यायचं सोडून तसंच फळीवर ठेवलं. पुढे काय करणार, असं त्यांनी विचारलं. मेहुण्याचं टायरचं दुकान आहे, सध्या तिथे बसेन, तो म्हणाला. गुडघ्याचं बरंच झालं म्हणायचं, तिथे धावायला लागत नाही. काकांना हसावं की काय करावं ते कळेना.

"मी सांगतो सरांना," काका म्हणाले. "आजच सांगतो. सगळं."

डावऱ्याने फळीवरच्या जाकिटाची घडी सारखी केली. मग खाली बघून म्हणाला, "काका, तुम्हाला वाटत असेल मी तुम्हाला वाचवायला गप्प बसलो. तसं नव्हतं. मध्यंतरात तुमच्या हातात पाना होता ना. मला वाटलं, तुम्हीच बोलाल. मी वाट बघत होतो."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी खाली मान घालून ऐकल्या असत्या. पण याच्या आवाजात राग नव्हताच, नुसतं झालं ते सांगत होता. जाताना त्याने काकांच्या बायकोची चौकशीसुद्धा केली, काकूंना सांगा म्हणाला. काय सांगायचं ते बोलला नाही.

काका त्याच पावली प्रशिक्षकांकडे गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. किल्ली, सलून, मध्यंतर, काही गाळलं नाही. प्रशिक्षक ऐकत राहिले. नोकरी गेली असं धरूनच काका आले होते आणि ती जावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण प्रशिक्षक म्हणाले, "काका, आता वरातीमागून घोडं कशाला आणता? त्याच्या जागी नवा घेतला आपण." मग त्यांनी नव्या खेळाडूच्या बुटांचं माप सांगितलं आणि पुढच्या हंगामाच्या जर्सी कधी येणार ते विचारलं. म्हणजे तेव्हा सांगितलं असतं तरी फार तर एक शिवी बसली असती. एवढ्या एका शिवीसाठी काकांनी त्या माणसाचं सगळं घालवलं होतं.

उरलं सलून. जिथे त्याचं नाव घालवलं तिथे जाऊन ते परत आणायचं, असं ठरवून काका रविवारी गेले. मास्तर होते, विमावाला होता, खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं. बसा म्हटलं तरी काका बसले नाहीत. दारातच उभे राहिले आणि बोलायला लागले. माळ्याचे फवारे सांगितले, इस्त्रीची पँट सांगितली. डावऱ्या सगळ्यांच्या आधी आला होता, उशीर झाला तो माझी किल्ली आणायला गेल्यामुळे झाला, हे सांगितलं. मध्यंतरात पाना माझ्या हातात होता आणि मी मोजे पिळत बसलो, हे सांगताना ते अडखळले. पण सांगितलं.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. विमावाल्याने मास्तरांकडे बघितलं.

"याला म्हणतात माणूस," मास्तर शेवटी म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. "त्या पोराची बदनामी बघवत नाही म्हणून स्वतःच्या अंगावर घेतायत. या वयात."

काका म्हणाले की अहो, अंगावर घेत नाहीये, माझ्या अंगावरचंच सांगतोय. पण विमावाला तोवर सुरू झाला होता. इतक्या वर्षांत काकांच्या हातून एक मोजा इकडचा तिकडे झालेला कुणी बघितलाय का, असं तो सगळ्यांना विचारत होता. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानेही नाही म्हणून मान हलवली. काका म्हणाले, माझ्या बायकोला विचारा, किल्ली तिनेच त्याच्या हातात दिली. त्यावर मास्तर मायेने हसले. वहिनी काय तुमच्या शब्दाबाहेर जाणार आहेत का, म्हणाले. आणि मग त्यांनी विमावाल्याला समजावून सांगितलं, की बघा, शिस्त शिस्त म्हणतो ती ही. काकांसारखे अकरा असते तर टीम आज कुठल्या कुठे असती.

"डावऱ्या सगळ्यात आधी आला होता," काका पुन्हा म्हणाले.

"हो हो, काका," मास्तर म्हणाले. "आला होता. बसा तुम्ही आता, त्रास करून घेऊ नका."

सलूनवाल्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला जरा बाकावर बसायला सांगितलं. त्या बिचाऱ्याची एकच बाजू कापून झाली होती, पण तोही आनंदाने उठला. सलूनवाल्याने खुर्ची फडक्याने झटकली, कपाटातून धुतलेली पांढरी चादर काढली आणि दंडाला धरून काकांना बसवलं. आज माझ्याकडून, म्हणाला. पाठीमागे मास्तर आणि विमावाला नव्या डाव्या बचावपटूबद्दल बोलायला लागले होते. तो वेळेवर येतो म्हणे.

समोर मोठा आरसा होता आणि काकांना त्यात बघायचं नव्हतं. त्यांना मान खाली घालायची होती. पण गळ्याशी वस्तरा होता आणि सलूनवाल्याने दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर उचलून धरली होती.